चुनखडी : कोठे औषध, कोठे अपथ्य?

चुनखडी हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. विहीर खणताना पांढरट थर लागला, संत्र्याची बाग पिवळी पडली, उसावर केवडा आला, म्हणजे देशावरचा शेतकरी चुनखडीला दोष देतो, आणि तो पुष्कळ अंशी खराही असतो. परंतु सह्याद्रीची रांग ओलांडून कोकणात उतरले की हाच पदार्थ जमिनीत नाही, ही तेथील मोठी उणीव ठरते. एकाच राज्यात एका पदार्थाचा एकीकडे अतिरेक आणि दुसरीकडे दुष्काळ, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

असे असूनही ‘कॅल्शियम’ या एकाच नावाखाली मिळणाऱ्या पांढऱ्या भुकट्या घाटावर आणि घाटाखाली सारख्याच विश्वासाने विकत घेतल्या जातात. ज्याच्या शेतात मुळातच शेकडो क्विंटल चुना पडून आहे तो आणखी चुन्याची पिशवी घरी आणतो. आणि ज्याला त्याची खरी गरज आहे त्याला ती गरज किती आहे हे कोणी सांगत नाही. हा अपव्यय थांबावयाचा असेल तर दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, चुनखडीचे गुणधर्म शेतकऱ्याने व गावपातळीवरील कृषि कार्यकर्त्याने नीट समजून घेणे. दुसरी, माती परीक्षणाच्या पत्रिकेत चुनखडीला स्वतंत्र स्थान मिळणे. या दुसऱ्या गोष्टीचा आग्रह धरण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

चुनखडीचे स्वरूप

शुद्ध चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट होय. तिच्या १०० किलोंत ४० किलो कॅल्शियम, १२ किलो कर्ब आणि ४८ किलो प्राणवायू असतो. निसर्गात ती इतकी शुद्ध क्वचितच सापडते. तिच्यात चिकणमाती, वाळू, लोह व मॅग्नेशियम यांची भेसळ असते आणि या भेसळीप्रमाणे तिचा रंग पांढरा, पिवळसर, करडा किंवा काळाही होतो. म्हणून रंगावरून चुनखडी ओळखू पाहणे फसवे ठरते. ज्या चुनखडकात मॅग्नेशियमचे प्रमाण मोठे असते त्याला डोलोमाइट म्हणतात. संगमरवर हीदेखील उष्णतेने व दाबाने रूप पालटलेली चुनखडीच आहे.

हा दगड फारसा कठीण नसतो. चाकूच्या टोकाने त्यावर सहज ओरखडा उठतो. त्याची खरी ओळख मात्र आम्लाने पटते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच तो फसफसतो, कारण आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायॉक्साइड वायू बाहेर पडतो. डोलोमाइट तितक्या जोराने फसफसत नाही. त्याची भुकटी केल्यावरच बुडबुडे नीट दिसतात. आपल्या डोंगरांचा काळा पाषाण तर मुळीच फसफसत नाही. या परीक्षेचा अनुभव आपल्या गृहिणींना आहेच. घराघरांत बसविलेली शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघरातील ओट्याचा काळा कडाप्पा हे दोन्ही चुनखडकच होत. त्यांवर लिंबाचा रस सांडून राहिला की चकाकी जाते व डाग पडतो. लिंबातील आम्लाने फरशीचा पृष्ठभाग खाल्लेला असतो. हीच क्रिया आम्ल जमिनीत घडते, आणि शेतीतील चुनखडीचा सर्व उपयोग या एका गुणावर उभा आहे : ती आम्लाचा नाश करते आणि तसे करताना स्वतः खर्ची पडते.

चुनखडकाचे मोठे साठे बहुतेक प्राचीन समुद्रांच्या तळाशी, शिंपले व इतर जलजीवांचे अवशेष आणि पाण्यातून साकळलेला चुना यांपासून बनले. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग काळ्या पाषाणाने व्यापलेला असल्याने असे साठे आपल्याकडे थोड्याच ठिकाणी उघडे पडले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील वणीचा परिसर आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा व कोरपना हे भाग त्यांत प्रमुख असून, तेथील सिमेंटचा उद्योग या दगडावरच चालतो. कोकणच्या किनाऱ्यावर चुनखडक नसला तरी शिंपले आहेत, आणि रासायनिक दृष्ट्या शिंपला म्हणजे चुनखडीच.

भट्टीतून निघणारा चुना

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की तिच्यातील कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना मागे राहतो. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंपासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो. उरलेले ४४ किलो वायुरूपाने जातात. या कळीच्या चुन्यावर पाणी टाकले असता तो उकळ्या फोडीत फुगतो व त्याची फक्की होते. ५६ किलो चुना १८ किलो पाणी शोषून ७४ किलो विरलेला चुना होतो. हाच चुना भिंतीला लावला की हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. चुन्याच्या घाणीत मळलेल्या चुन्याने बांधलेले जुने वाडे व घाट शतकानुशतके टिकले, त्याचे रहस्य हेच आहे.

शेतकऱ्याने यातून एक हिशेब ध्यानात ठेवावा. आम्ल मारण्याचे जे काम १०० किलो शुद्ध चुनखडी करते, तेच काम ५६ किलो कळीचा चुना, ७४ किलो विरलेला चुना किंवा ९२ किलो शुद्ध डोलोमाइट करतो. माल अशुद्ध असेल तर त्या मानाने तो अधिक लागतो. ८० टक्के शुद्धतेची चुनखडी १०० किलोंऐवजी १२५ किलो घ्यावी लागेल. कळीचा चुना तीव्र असतो. त्याने हात व विशेषतः डोळे भाजतात, उगवत्या रोपांनाही इजा होते. दळलेली चुनखडी मात्र सौम्य असते, हाताळण्यास निर्धोक असते आणि थोडी जास्त पडली तरी एकदम अपाय करीत नाही. म्हणून शेतात टाकण्यासाठी भाजलेल्या चुन्यापेक्षा दळलेली चुनखडी पसंत करणे शहाणपणाचे होय.

एकच काळा पाषाण, दोन जमिनी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कोकणची तांबडी जांभी जमीन आणि देशावरची काळी जमीन या दोन्ही बहुतांशी एकाच काळ्या पाषाणापासून झाल्या आहेत, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. या पाषाणात कॅल्शियमची खनिजे भरपूर असतात. भट्टीतल्या चुन्याच्या हिशेबाने त्याचे प्रमाण सुमारे १० टक्के भरते. पाषाण झिजला की हा चुना मोकळा होतो. पुढे त्याचे काय होणार, हे पाऊस ठरवितो.

कोकणात दरसाल अडीच ते तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. एवढे पाणी मातीतून पाझरत राहिल्याने चुना व इतर विद्राव्य क्षार वाहून समुद्रास मिळतात आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे उरतात. जमीन तांबडी व आम्लधर्मी होते. उलट पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो. तो माती भिजवितो, पण धुऊन नेत नाही. मोकळा झालेला चुना थोडा खाली उतरतो आणि पाणी सुकले की तेथेच साकळतो. नांगराच्या तासात किंवा विहिरीच्या कडेला जे पांढरे खडे दिसतात ते अशा रीतीने साकळलेले असतात. म्हणजे जी चुनखडी कोकणच्या पावसाने हिरावून घेतली, तीच देशावरच्या अवर्षणाने साठवून ठेवली. हे एकदा ध्यानात आले की घाटावर व घाटाखाली एकच उपाय का चालणार नाही, हे निराळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

आम्ल जमिनीत चुनखडी

जमिनीचा सामू ५.५ च्या खाली उतरला की ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळांची टोके खुरटतात. घातलेले स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बद्ध होऊन पिकास मिळेनासे होते. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील नत्र स्थिर करणारे जिवाणू अशा जमिनीत नीट वाढत नाहीत. चुनखडीची भुकटी मिसळली असता हे तिन्ही दोष कमी होतात. शिवाय पिकास कॅल्शियम मिळते ते निराळेच. डोलोमाइट वापरल्यास मॅग्नेशियमचीही भर पडते. अतिपावसाच्या जमिनीत मॅग्नेशियमही धुपून गेलेले असल्याने तेथे डोलोमाइटला विशेष महत्त्व आहे.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले की काही आठवड्यांत आम्लता आपोआप कमी होते आणि सामू उदासीन बिंदूकडे सरकतो. म्हणून खाचरातील भातास चुनखडीचा जो फायदा दिसतो, त्यापेक्षा कितीतरी अधिक फायदा भातामागून घेतलेल्या वाल, चवळी, भुईमूग व भाजीपाल्यास आणि वरकस जमिनीवरील पिकांस होतो. आंबा व काजू ही झाडे तर काहीशा आम्ल जमिनीत सुखाने नांदणारी आहेत. त्यांच्या मुळाशी माती न तपासता चुन्याची टोपली रिकामी करणे हितावह नाही. चुनखडीचा अतिरेक झाला तर आम्ल जमिनीतही जस्त, बोरॉन व मंगल यांची कमतरता उद्भवते.

चुनखडी टाकताना ती मैद्यासारखी बारीक असली पाहिजे. हरभऱ्याएवढे खडे वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. त्यांच्या वजनाचे पैसे पडतात, काम मात्र होत नाही. भुकटी पेरणीपूर्वी काही आठवडे टाकून वरच्या १५ सेंटिमीटर मातीत चांगली मिसळावी. संपूर्ण शेताची गरज एकदम भागविणे परवडत नसेल तर हेक्टरी दोन ते चार क्विंटल भुकटी दरवर्षी बियाण्याच्या ओळीत द्यावी. अल्प खर्चात हा उपाय बराच लाभदायक होतो. अमोनियायुक्त खतांबरोबर किंवा युरियाबरोबर चुना मिसळू नये. नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. सुपर फॉस्फेटमध्ये मिसळल्यास त्यातील स्फुरदाची विद्राव्यता घटते. अमोनियम सल्फेटासारखी खते स्वतःच आम्लता वाढवितात, हेही विसरू नये. या खताच्या १०० किलोंनी निर्माण होणारी आम्लता मारण्यास सुमारे ११० किलो चुनखडी लागते.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, चुनखडी ही शेणखताची जागा घेऊ शकत नाही. चुना मिळताच मातीतील जिवाणू वेगाने कामाला लागतात आणि सेंद्रिय द्रव्य लवकर कुजते. पहिली दोन-तीन वर्षे पीक जोमदार येते. पण खत न घालता नुसता चुनाच टाकीत राहिले तर जमिनीची साठवण रिती होते. बापाने कमवावे आणि मुलाने फेडावे, असा तो व्यवहार होईल.

देशावरील चुनखडीयुक्त जमीन

आता दुसरी बाजू पाहू. एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २२ लाख ४० हजार किलो भरते. ज्या जमिनीत मुक्त चुनखडीचे प्रमाण ५ टक्के आहे, त्या जमिनीच्या या वरच्या थरात हेक्टरी ११२ टन चुनखडी असते. एकरी हिशेब केला तर सुमारे ४५ टन. अशा शेतात ५० किलोंची चुन्याची पिशवी आणून टाकणे म्हणजे समुद्रात ओंजळ ओतण्यासारखे आहे. देशावरच्या अनेक जमिनींत हे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक, काही ठिकाणी तर १० टक्क्यांच्याही वर जाते.

या अतिरिक्त चुनखडीमुळे सामू ८ च्या आसपास स्थिर राहतो. लोह व जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. स्फुरद कॅल्शियमशी बद्ध होते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. ऊस व भुईमूग यांत यालाच केवडा म्हणतात. संत्रा व मोसंबी ही झाडे चुनखडीस फार हळवी आहेत. १० टक्क्यांहून अधिक मुक्त चुना असलेल्या जमिनीत त्यांची लागवड करू नये, असाच सल्ला दिला जातो. आणि जेथे प्रमाण त्याखालचे पण चिंता वाटण्याजोगे आहे, तेथे जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट अधिक सोशिक ठरतो.

अशा जमिनीतून चुनखडी काढून टाकणे कोणालाही शक्य नाही. तिच्यासह शेती करण्याची रीत शिकली पाहिजे. नुसते हिराकस मातीत टाकले तर त्यातील लोह थोड्याच दिवसांत निरुपयोगी होते. ते शेणखतात मुरवून द्यावे, किंवा १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारावे. चिलेटेड लोह जमिनीतून द्यावयाचे असल्यास ‘ईडीडीएचए’ प्रकारचे घ्यावे. ‘ईडीटीए’ प्रकारचे लोह चुनखडीयुक्त जमिनीत टिकत नाही. स्फुरद फेकून न देता ओळीत पेरावे. आणि शेणखत, कंपोस्ट, ताग व धैंचा यांचा भरपूर वापर करावा, कारण कुजणाऱ्या द्रव्यातून निर्माण होणारी आम्ले या जमिनीत औषधाचेच काम करतात.

चार पांढऱ्या भुकट्या

पुष्कळसा घोटाळा नावांतून होतो. चुनखडी, विरलेला चुना, डोलोमाइट आणि जिप्सम या चारही भुकट्या पांढऱ्या किंवा पांढुरक्या दिसतात आणि चारहींत कॅल्शियम असते; पण त्यांचे कार्य एक नाही. पहिल्या तीन आम्लता मारतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते आम्लता मारीत नाही. त्याचे काम चोपण जमिनीत आहे. तेथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते. जमीन ओली असता चिखल आणि सुकली असता दगड होते, पाणी मुरत नाही, सामू ८.५ च्या वर जातो. हे सोडियम हुसकावण्यास विरघळलेले कॅल्शियम हवे असते. जिप्सम एका लिटर पाण्यात दोन ग्रॅमांहून थोडे अधिक विरघळते. चुनखडी शुद्ध पाण्यात त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकीही विरघळत नाही. म्हणून चोपण जमिनीत चुना टाकणे व्यर्थ होय.

तथापि चोपण जमिनीत जर चुनखडी आधीच असेल, तर तीच कामाला लावता येते. ताग किंवा धैंचा गाडला असता मातीत कार्बन डायॉक्साइड वाढतो आणि त्या पाण्यात चुनखडी अधिक विरघळते. गंधक टाकल्यास जिवाणूंच्या क्रियेने त्याचे आम्ल बनते, ते चुनखडीवर क्रिया करते आणि जमिनीतच जिप्सम तयार होते. घरातलीच ठेव मोडून कर्ज फेडावे, तसा हा उपाय आहे. पण तो तेव्हाच लागू पडतो, जेव्हा चुनखडी आहे हे ठाऊक असते. आणि सुटलेले सोडियम वाहून नेण्यासाठी निचऱ्याचे चर खणलेले असतात.

भुईमुगास आऱ्या सुटताना जिप्सम देतात, तेही याच विद्राव्यतेमुळे. शेंग आपले कॅल्शियम मुळांवाटे न घेता भोवतालच्या मातीतून थेट घेते. तेथे ते सहज मिळण्याजोगे असावे लागते.

शेताबाहेरचे उपयोग

चुनखडीचे अन्य उपयोग सर्वांच्या परिचयाचे असल्याने त्यांचा थोडक्यात उल्लेख पुरेसा होईल. सिमेंटचा ती मुख्य कच्चा माल आहे. पोलादाच्या भट्टीत खनिजातील माती वेगळी काढण्यास ती लागते. साखर कारखान्यात उसाचा आम्लधर्मी रस निवळण्यासाठी चुन्याचे पाणी वापरतात. गुऱ्हाळातही चुना पडतो, पण तो जास्त झाला तर गूळ काळा पडतो. अंड्याचे कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचेच असल्याने अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात सुमारे साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावे लागते, आणि ते शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची कणी यांतून पुरविले जाते.

बागायतदारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उपयोग बोर्डो मिश्रणाचा होय. फ्रान्समधील द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी १८८५ साली प्रसिद्ध झालेले हे औषध आजही सुपारीवरील कोळेरोगास आवर घालते. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना घेतात. दोन्ही वेगवेगळ्या, धातूच्या नसलेल्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावीत. चकाकणारे लोखंडी पाते मिश्रणात बुडवून पाहावे. त्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. चुना जुना व हवेत विरलेला असेल तर हा दोष हमखास उत्पन्न होतो, कारण त्याची पुन्हा चुनखडी झालेली असते.

पत्रिकेतील उणीव

आता मूळ आग्रहाकडे येऊ. २०१५ साली केंद्र शासनाने जमीन आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. या पत्रिकेत बारा गोष्टींची नोंद होते : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. ही यादी उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु महाराष्ट्रातील जमिनीचा स्वभाव ज्या एका गोष्टीने सर्वाधिक घडविला, ती चुनखडी या बारांत नाही. आम्ल जमिनीस चुना किती लागेल, हेही त्या बारा आकड्यांवरून कळत नाही.

सामू दिलेला असताना आणखी काय हवे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. सामू हा ताप मोजण्यासारखा आहे. तो रोग आहे की नाही हे सांगतो, रोग किती मुरला आहे हे सांगत नाही. दोन काळ्या जमिनींचा सामू सारखाच ८.१ असू शकतो. एकीत चुनखडी २ टक्के असेल, दुसरीत १५ टक्के. पत्रिका दोघींना एकाच मापाने मोजील. पण पहिलीत लावलेली संत्र्याची बाग उभी राहील आणि दुसरीतली चार-पाच वर्षांत, ऐन फळावर येण्याच्या वेळी, पिवळी पडून खालावेल. आम्ल बाजूसही तसेच. ५.३ सामूच्या दोन जमिनींपैकी हलक्या, रेताड जमिनीस थोड्याच चुनखडीने गुण येतो. भारी व सेंद्रिय द्रव्याने युक्त जमिनीस त्याच्या कितीतरी पट लागते. सामूवरून मात्रा ठरविणे हा केवळ अंदाज होय.

प्रयोगशाळांवर आधीच कामाचा भार आहे, तो आणखी कसा वाढवावा, हा दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. परंतु हा भार दिसतो तेवढा नाही. मुक्त चुनखडी असलेली जमीन आम्ल असू शकत नाही आणि आम्ल जमिनीत मुक्त चुनखडी उरत नाही. म्हणजे कोणत्याही एका नमुन्यास दोन्ही परीक्षा कधीच लागणार नाहीत. सामू ६ च्या खाली असेल तर चुन्याची गरज काढावी. ७ च्या वर असेल तर आम्लाचे थेंब टाकून पाहावे आणि जो नमुना फसफसेल त्याचेच चुनखडीचे प्रमाण मोजावे. मधल्या नमुन्यांस काहीच करावयास नको. या परीक्षा जुन्या, सोप्या व स्वस्त आहेत. त्यांना मौल्यवान यंत्रे लागत नाहीत. फळबागेसाठी काही प्रयोगशाळा मागणी केल्यास चुनखडी तपासून देतात. पण मागणी करावी हे ज्याला माहीत नाही, त्या शेतकऱ्यास त्याचा काय उपयोग? जे गरजवंतास मागितल्याविना मिळाले पाहिजे, ते जाणत्यासच मागून मिळते.

नमुना घेण्याची पद्धतही सुधारली पाहिजे. हंगामी पिकासाठी वरच्या १५-२० सेंटिमीटरचा नमुना पुरतो. फळझाडाची मुळे मात्र त्याखाली जातात, आणि चुनखडीचा थर बहुधा तेथेच दडलेला असतो. बागेसाठी ९० सेंटिमीटरपर्यंत खड्डा घेऊन प्रत्येक ३० सेंटिमीटर थराचा नमुना वेगळा पाठविला पाहिजे. रोपे, खड्डे, ठिबक यांवर लाखभर रुपये घालणाऱ्या शेतकऱ्याचा एक खड्डा खणण्याचा आळस पुढे त्याच्या कुटुंबास वर्षानुवर्षे भोवतो.

तिसरा आक्षेप कोकणाच्या बाबतीत घेतला जाईल. परीक्षा होऊन गरज कळली, तरी चुनखडी आणावयाची कोठून? खाणी राज्याच्या दुसऱ्या टोकास आणि माल अवजड. भाड्यातच पैसा संपावयाचा. ही अडचण खरी आहे, पण ती गरज न मोजण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट, कोणत्या तालुक्यास किती टन लागेल हा आकडा हाती असेल तरच खरेदी-विक्री संघ एकत्रित मागणी नोंदवू शकतील आणि मोठा माल स्वस्तात आणता येईल. शिवाय किनाऱ्यावरील शिंपले दळून वापरता येतील. लाकडाच्या राखेतही चुना असतो. रोपवाटिकेची जागा राबाने भाजणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्या राखेने रोपे तरारतात हे अनुभवाने ठाऊक होते. राखेने आम्लताही कमी होते, हे त्याचे एक कारण आहे. चुलीची राख उकिरड्यावर न फेकता परसातील भाजीच्या वाफ्यात देणे, हे तर आजच करता येण्याजोगे आहे.

कार्यकर्त्यांचे व शेतकऱ्यांचे काम

पत्रिकेत बदल होईल तेव्हा होवो. तोवर स्वस्थ बसण्याचे कारण नाही. गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची लहान बाटली जवळ ठेवावी आणि शिवारफेरीत चिमूटभर कोरड्या मातीवर चार थेंब टाकून दाखवावे. डोळ्यांस व कपड्यांस जपून केलेला हा प्रयोग तासाभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवितो. माती जोराने फसफसली तर त्या शेतकऱ्यास स्पष्ट सांगावे की, या शेतास चुना, डोलोमाइट किंवा चुन्याची कोणतीही भुकटी नको. माती फसफसली नाही, तरी तेवढ्यावरून चुना टाकण्याचा सल्ला देऊ नये. तो निर्णय सामू व चुन्याची गरज पाहूनच व्हावा.

शेतकरी बंधूंनी व भगिनींनी दुकानात तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. हा माल नेमका कोणता : चुनखडी, चुना, डोलोमाइट की जिप्सम? त्याची शुद्धता किती? तो किती बारीक दळलेला आहे? उत्तर पिशवीवर छापलेले नसेल आणि विक्रेत्यासही देता येत नसेल, तर पैसे कमरेलाच राहू द्यावेत. ग्रामसभेत मृद परीक्षणाचा विषय निघेल तेव्हा आपल्या पत्रिकेत चुनखडीचा रकाना का नाही, हेही विचारावे. शासनाच्या योजना लोकांच्या प्रश्नांनीच सुधारतात.

चुनखडी हा काही दुर्मिळ वा अद्भुत पदार्थ नव्हे. फरशीत, भिंतीत, विड्याच्या पानात आणि अंड्याच्या टरफलात तो रोज आपल्या हाताखालून जातो. तिचा स्वभावही सरळ आहे : जेथे आम्ल आहे तेथे ती औषध होते, जेथे ती स्वतःच साठलेली आहे तेथे अपथ्य ठरते. वैद्य कितीही निष्णात असला तरी नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही. मातीच्या बाबतीत मात्र आपण नाडी अर्धीच पाहतो आणि मात्रा पूर्ण देतो. ती नाडी पुरती पाहण्याची सोय प्रत्येक शेतकऱ्यास मिळावी, एवढीच मागणी आहे. आणि तिला लागणारा खर्च वाया जाणाऱ्या पिशव्यांच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ आहे.